भावना नेमक्या कशा निर्माण होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, तळपायाची आग मस्तकात जाते, अंगावर काटा उभा राहतो. भीती किंवा राग सांगायचा झाला की आपण मराठीत बहुधा शरीराचाच आधार घेतो. मानसशास्त्रातला सगळ्यात जुना वादही इथूनच सुरू झाला: गोळा आधी येतो की भीती? या विषयावर वाचायला लागलेल्या माणसाला हमखास पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही. काही प्रश्न मुळातच जास्त रंगतदार आहेत.

भावना म्हणजे नक्की काय? मूड आणि भावना एकच का?

एका भावनेत बरंच काही एकदम चालू असतं. नाडी आणि श्वास बदलतात, घाम येतो. चेहरा आणि आवाज बदलतो. पळावं, ओरडावं, जवळ घ्यावं अशी ओढ वाटते. समोर जे घडतंय त्याचा आपण काहीतरी अर्थ लावलेला असतो. आणि या सगळ्यासोबत 'मला भीती वाटतेय' ही आतली जाणीव असते. यातलं कोण कोणाला जन्म देतं आणि कशाला वगळलं तर भावना उरतच नाही, यावर सिद्धान्तांचं भांडण आहे. पुढचं वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या: प्रत्येक संशोधक 'भावना' हा शब्द यातल्या वेगवेगळ्या तुकड्यासाठी वापरतो. माझ्या मते निम्मे वाद तिथेच दडलेले आहेत.

मूड मात्र वेगळा. भावना कशाबद्दल तरी असते आणि लवकर ओसरते. मूड तासन्‌तास रेंगाळतो आणि त्याचं कारण विचारलं तर नीट सांगताही येत नाही.

'रडतो म्हणून दुःख होतं' असं कोणी खरंच म्हटलं होतं का?

हो. हार्वर्डच्या विल्यम जेम्सनं १८८४ साली 'माइंड' या नियतकालिकात लेख लिहून नेमकं हेच मांडलं. आपली रोजची समजूत अशी: अस्वल दिसलं, भीती वाटली, म्हणून पळालो. जेम्स म्हणाला, क्रम चुकलाय. अस्वल दिसताच शरीर आपोआप बदलतं, थरथरतं, पळायला लागतं. आणि या बदलांची आपल्याला होणारी जाणीव, तिलाच आपण भीती म्हणतो. पुढच्याच वर्षी कोपनहेगनचे डॉक्टर कार्ल लांगे यांनी स्वतंत्रपणे बरंचसं असंच लिहिलं, म्हणून हा जेम्स-लांगे सिद्धान्त. दोघांत फरक होता. लांगेंचा सगळा भर रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणावर होता. जेम्सच्या मांडणीत स्नायू, आतडी, श्वास असं सगळं शरीर येतं.

हे विचित्र वाटत असेल तर जेम्सनं सुचवलेला खेळ करून बघा. एखादी जबरदस्त भीती आठवा आणि तिच्यातून धडधड, कोरडा घसा, ढिले पडलेले पाय, धपापणारा श्वास असं एकेक काढून टाका. शेवटी काय उरतं? 'इथे धोका आहे' असं एक थंड वाक्य. त्याला भीती म्हणवत नाही. सिद्धान्त पटो न पटो, या खेळाला चोख उत्तर द्यायला जड जातं.

मग हा सिद्धान्त मागे का पडला?

वॉल्टर कॅननमुळे. तोही हार्वर्डचाच, पण शरीरशास्त्रज्ञ. 'लढा किंवा पळा' या प्रतिक्रियेची कल्पना त्याचीच. १९२७ मध्ये त्यानं जेम्स-लांगे सिद्धान्तावर आक्षेपांची मालिकाच लावली.

त्यातला सगळ्यात बोचरा आक्षेप साधा आहे. भीतीत हृदय धडधडतं, रागातही धडधडतं, ताप आला तरी धडधडतं. शरीर सगळीकडे तेच करत असेल तर नुसत्या शरीरावरून ही भीती आणि हा राग असं मन कसं ओळखणार? दुसरा आक्षेप वेगाचा. आतडी, ग्रंथी सावकाश चालतात, भावना मात्र क्षणात उसळते. शिवाय आतल्या अवयवांकडून मेंदूकडे येणाऱ्या संवेदना फारशा स्पष्ट नसतात. प्राण्यांमध्ये या अवयवांचा मेंदूशी असलेला संबंध तोडला तरी त्यांचं रागावणं-घाबरणं दिसायला तसंच राहतं. आणि शेवटचं म्हणजे, ॲड्रेनालिन हे उत्तेजना आणणारं संप्रेरक टोचून शरीर कृत्रिमपणे चेतवलं तरी खरी भावना येत नाही. इथे त्याच्या हाती स्पेनच्या ग्रेगोरिओ मारान्योन यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली निरीक्षणं होती. इंजेक्शन दिलेल्यांपैकी बहुतेकांनी फक्त शारीरिक लक्षणं सांगितली, तर काही म्हणाले, 'घाबरल्यासारखं वाटतंय, पण घाबरलेलो नाही.'

कॅननचं आणि त्याचा विद्यार्थी फिलिप बार्डचं स्वतःचं म्हणणं असं की मेंदूच्या आतल्या भागातून एकाच वेळी दोन संदेश निघतात. एक शरीराला चेतवतो, दुसरा जाणीव देतो. दोन्ही बरोबरीनं, कोणीच कोणाचं कारण नाही. कॅनननं थॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूच्या मध्यभागातल्या संवेदना पुढे पाठवणाऱ्या केंद्राकडे, बोट दाखवलं. बार्डनं मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून त्याच्या खालच्या हायपोथॅलॅमसचं महत्त्व पुढे आलं, आणि जागेपुरतं बोलायचं तर कॅननचा अंदाज बराच चुकला.

भीती आणि राग यांत शरीर खरंच सारखंच वागतं का?

पूर्णपणे नाही. लेव्हन्सन, एकमन आणि फ्रीसन यांनी १९८३ मध्ये दाखवलं की राग आणि भीती या दोन्हींत हृदयाचे ठोके वाढतात, पण बोटांचं तापमान रागात जास्त असतं. हा जेम्सच्या पारड्यात पडलेला गुण. पण नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर प्रत्येक भावनेचा बोटाच्या ठशासारखा पक्का शारीरिक ठसा काही सापडला नाही. एकच माणूस आज रागावला तेव्हा आणि उद्या रागावला तेव्हा शरीराचं चित्र वेगळं असू शकतं.

मानेखाली संवेदना गेलेल्या माणसाच्या भावना बोथट होतात का?

जेम्सचं खरं असेल तर व्हायला हव्यात. १९६६ मध्ये जॉर्ज होमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या २५ जणांना विचारलं आणि इजा जितकी वर, तितका राग-भीतीचा जोर कमी, असं उत्तर मिळालं. होमन स्वतः अशाच इजेसोबत जगत होते. पण १९८८ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात भावना पुरेशा तीव्र असल्याचं आढळलं. शरीराकडून येणारी खबर भावनेत भर घालते, पण तिच्यावाचून सगळं अडतं असं नाही, इतकंच यातून म्हणता येतं.

शाक्टर आणि सिंगर यांचा ॲड्रेनालिनचा प्रयोग एवढा गाजला तो का?

कारण या दोन मानसशास्त्रज्ञांनी जेम्स आणि कॅनन या दोघांनाही अर्ध्यापर्यंत खरं मानलं. शरीराची उत्तेजना लागते, हे जेम्सचं. ती उत्तेजना सगळीकडे जवळपास सारखीच असते, हे कॅननचं. मग फरक कुठून येतो? धडधड जाणवली की माणूस आजूबाजूला बघतो, कारण शोधतो आणि त्यावरून तिला नाव देतो. उत्तेजना अधिक नाव, म्हणून हा द्विघटक सिद्धान्त.

१९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग एखाद्या प्रहसनासारखा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या मुलांना सांगितलं, 'सुप्रॉक्सिन' नावाच्या जीवनसत्त्वाचा दृष्टीवर काय परिणाम होतो ते बघायचंय. टोचलं मात्र ॲड्रेनालिन. काहींना खरे परिणाम सांगितले: हात थरथरतील, छाती धडधडेल. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना मुद्दाम भलतंच सांगितलं: पाय बधिर होतील, खाज सुटेल. एका गटाला नुसतंच मिठाचं पाणी टोचलं. मग प्रत्येकाला एका खोलीत बसवलं. तिथे आधीपासून एक 'सहभागी' होता, जो खरं तर संशोधकांचाच माणूस. एका प्रसंगात तो कागदाचे बोळे टोपलीत फेकायचा, विमानं उडवायचा, हुलाहूप फिरवायचा. दुसऱ्या प्रसंगात दोघांना एक अपमानकारक प्रश्नावली भरायला द्यायचे आणि तो चिडत चिडत शेवटी कागद फाडून निघून जायचा.

अपेक्षा अशी की ज्यांना धडधडीचं खरं कारण ठाऊक नाही, ते समोरच्याच्या रंगात रंगतील. ज्यांना ठाऊक आहे ते इंजेक्शनच्या नावानं बोटं मोडून शांत बसतील. निकाल ढोबळमानानं त्या दिशेनं गेले.

'ढोबळमानानं' हा शब्द मुद्दाम वापरला. पाठ्यपुस्तकं हा प्रयोग जितक्या ठामपणे सांगतात तितकी आकडेवारी ठाम नाही. मिठाचं पाणी टोचलेली मुलंही बऱ्यापैकी रंगात आली होती, आणि भलतंच सांगितलेला गट रागाच्या प्रसंगात नव्हताच. १९७९ मध्ये मार्शल आणि झिंबार्डो यांनी, तसंच मास्लाक यांनी असेच प्रयोग केले तेव्हा कारण न कळलेली उत्तेजना लोकांना आनंदी करत नाही, उलट अस्वस्थ करते, असं दिसलं. म्हणजे उत्तेजना कोऱ्या पाटीसारखी नसते. तिला मुळातच थोडी कडवट चव असते.

झुलत्या पुलावर प्रेम जडतं, हे खरं आहे का?

प्रयोग खरा आहे, अर्थ जरा ताणलेला आहे. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरचा, सुमारे ७० मीटर उंचीवर डुलणारा पूल निवडला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी भेटे, छोटी प्रश्नावली भरून घेई आणि काही विचारायचं असल्यास म्हणून फोन नंबर देई. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच कमी उंचीच्या भक्कम पुलावर हे प्रमाण १६ पैकी २ होतं. पुलाची धडधड मुलीच्या खात्यावर जमा झाली, असा निष्कर्ष निघाला.

आकडे किती लहान आहेत ते बघा. शिवाय कोणता पूल ओलांडायचा हे माणसांनी स्वतः ठरवलं होतं. डुलत्या पुलावर जाणारा गडी फोन करायलाही धजावणाराच असणार! ही शंका ओळखून लेखकांनी पुढच्या फेरीत आधीच पूल ओलांडून विसावलेल्यांशीही तुलना केली. तरीही, ७० मीटर खाली दरी असताना छाती कशामुळे धडधडतेय हे माणसाला खरंच कळत नसेल का, हा टीकाकारांचा प्रश्न उरतोच.

एकाच घटनेवर दोन माणसांना वेगळ्या भावना का येतात?

कारण घटना एक असली तरी तिचा 'माझ्यासाठी' असलेला अर्थ एक नसतो. मॅग्डा अर्नोल्ड यांनी १९६० मध्ये या विचाराला पक्का पाया दिला आणि रिचर्ड लाझारस यांनी तो आयुष्यभर वाढवला. याला मूल्यमापनाचा सिद्धान्त म्हणतात. मन आधी तोलतं: याच्याशी माझा संबंध आहे का, यात माझं भलं आहे की नुकसान? मग दुसरं मोजमाप: मला हे निभावता येईल का, दोष कोणाचा? या उत्तरांच्या जुळणीतून भावना ठरते. माझा किंवा माझ्या माणसाचा अपमान झाला की राग. भरून न येणारं काही हातचं गेलं की दुःख. स्वतःच घातलेली नैतिक मर्यादा ओलांडली की अपराधीपणा.

समजा, मित्रानं ठरलेल्या वेळी फोन केला नाही. 'त्याला माझी किंमतच नाही' असं वाटलं तर राग, 'काही बरंवाईट तर झालं नसेल?' असं वाटलं तर काळजी, 'मागच्या वेळी मीच तोडून बोललो' असं आठवलं तर खंत. फोन तिन्ही वेळी सारखाच गप्प आहे.

लाझारसच्या गटानं १९६४ मध्ये हे पडद्यावर तपासलं. अंगावर शहारा आणणारा, शरीरावर छेद घेण्याच्या विधीचा एकच चित्रपट वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवला. वेदनेवर भर देणाऱ्या निवेदनानं प्रेक्षकांच्या त्वचेची विद्युतवाहकता (घामानुसार बदलणारी, ताणाची खूण) वाढली. अलिप्त, अभ्यासू सुरातल्या निवेदनानं ती कमी राहिली. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात विश्वासार्ह वाटणारी ओळ हीच.

पण विचार न करताही दचकायला होतं. त्याचं काय?

हाच मुद्दा रॉबर्ट झायोंक यांनी १९८० मध्ये धरला: आवडनिवड ठरायला आधी विचार लागतोच असं नाही. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात लोकांना वेडेवाकडे अष्टकोन केवळ १ मिलिसेकंद दाखवले. नंतर कोणते पाहिले होते ते त्यांना ओळखता येईना, पण 'कोणता आवडतो?' विचारल्यावर आधी दाखवलेल्यांकडेच कल झुकला. लाझारसनं उत्तर दिलं, झायोंकनं प्रत्युत्तर, आणि वाद १९८४ पर्यंत चांगला पेटला.

आज मागे वळून बघताना दोघांची गाडी 'विचार' या शब्दावरच अडली होती असं वाटतं. झायोंक विचार म्हणजे जाणीवपूर्वक ओळख धरत होते; लाझारस नकळत, क्षणात होणारं तोलणंही त्यात धरत होते. पुढे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या कामातून मेंदूतल्या दोन वाटा दाखवल्या. थॅलॅमसकडून थेट अमिग्डालाकडे (मेंदूत खोलवर असलेल्या बदामाच्या आकाराच्या भागाकडे) जाणारी वाट झटपट पण ओबडधोबड. मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) जाणारी सावकाश पण तपशीलवार. दोरी बघून आधी उडी मारायची आणि मग 'अरे, दोरीच आहे' म्हणायचं, त्यामागे या दोन वाटा असाव्यात असं ते स्पष्टीकरण.

म्हणजे अमिग्डाला हे भीतीचं केंद्र आहे ना?

सोपं आहे, लोकप्रिय आहे आणि अपुरं आहे. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला एका दुर्मीळ आजारात नष्ट झालेली एक स्त्री संशोधनात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. साप, कोळी, भुताटकीचं घर, कशालाच ती घाबरली नाही. पण २०१३ मधल्या एका प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली तेव्हा ती भीतीनं कासावीस झाली! धोका बाहेरून येतो तेव्हा अमिग्डाला लागतो. शरीराच्या आतून गुदमरल्याची हाक येते तेव्हा दुसरी वाट असते, असा त्याचा अर्थ लावला गेला. खुद्द लडू आता अमिग्डालाला भीतीचं केंद्र म्हणू नका असं सांगतात. त्यांच्या मते तो धोका ओळखून शरीराला कामाला लावतो. भीतीची जाणीव हे वेगळं प्रकरण.

मुद्दाम हसलं तर आनंद होतो का?

किंचित. १९८८ मध्ये फ्रिट्झ स्ट्राक आणि सहकाऱ्यांनी लोकांना पेन दातांत धरून, म्हणजे नकळत हसरा चेहरा करून, व्यंगचित्रं दाखवली. त्यांना ती जास्त विनोदी वाटली. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तेच पुन्हा केलं तेव्हा परिणाम दिसलाच नाही. स्ट्राक यांचं म्हणणं पडलं की या वेळी समोर कॅमेरा होता, त्यानं माणसं बिचकली. २०२२ मध्ये १९ देशांतल्या सुमारे ३,९०० लोकांवर मोठा अभ्यास झाला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्यावर लोकांनी थोडा जास्त आनंद नोंदवला. पेनाचा पुरावा मात्र डळमळीतच राहिला.

राग-भीतीचे चेहरे जगभर सारखे असतात का?

डार्विननं १८७२ मध्ये तसं सुचवलं होतं. पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये काम केलं आणि राग, भीती, किळस, आनंद, दुःख, आश्चर्य या सहा मूलभूत भावनांची यादी रूढ झाली. आक्षेप पद्धतीवर आहे. ठरावीक पर्यायांतून निवडायला सांगितलं की सहमती फुगते. ट्रोब्रिअँड बेटांवरच्या २०१६ मधल्या अभ्यासात, आपण ज्याला घाबरलेला चेहरा म्हणतो तो तिथल्या लोकांनी धमकावणारा चेहरा म्हणून ओळखला. 'भीतीचा चेहरा' हे लेबल त्यानंतर पूर्वीइतकं निर्धास्तपणे वापरवत नाही.

लिसा फेल्डमन बॅरेट यांचं वेगळेपण कशात?

बॅरेट या आजच्या मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या मते भावना आत तयार बसलेल्या नसतात, मेंदू त्या दर वेळी रचतो. मेंदू सतत अंदाज बांधत असतो: शरीरातून येणाऱ्या या खबरींचा अर्थ काय, आता काय करावं लागेल? हा अंदाज तो जुन्या अनुभवांवरून आणि भाषेतून शिकलेल्या संकल्पनांवरून बांधतो. त्यांनी स्वतःचाच किस्सा सांगितला आहे: एका सहकाऱ्यासोबत कॉफी घेताना चेहरा तापला, पोटात कालवाकालव झाली, त्यांना वाटलं आपण याच्या प्रेमात पडतोय. घरी आल्यावर फ्लू निघाला.

शाक्टरशी साम्य दिसतं ना? फरक असा की शाक्टरकडे उत्तेजना आधी आणि नाव नंतर; बॅरेटकडे अंदाज आधीच चालू असतो आणि शरीरही त्या अंदाजानुसार आगाऊ तयार होतं. हुरहुर, धाकधूक, घालमेल हे तीन शब्द ज्याच्याकडे आहेत, त्याला 'कसंतरी होतंय' एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा आपली अवस्था बारकाईनं अनुभवता येते, असं या मांडणीतून निघतं. मला हे आकर्षक वाटतं. पण भाषा नसलेल्या तान्ह्या बाळाच्या रडण्याचं काय करायचं, या प्रश्नाशी ही मांडणी जरा अडखळते.

परीक्षेत हे सिद्धान्त एकमेकांत मिसळतात. ओळखायचे कसे?

उत्तरात अस्वल आलं की बाणांची दिशा बघा. अस्वल, थरथर, मग भीती: जेम्स-लांगे. अस्वल, मग थरथर आणि भीती एकदम: कॅनन-बार्ड. अस्वल, थरथर, 'ही थरथर अस्वलामुळे', मग भीती: शाक्टर-सिंगर. अस्वल, 'हे माझ्या जिवावर बेतेल', मग भीती आणि थरथर: लाझारस. गोंधळ बहुधा शेवटच्या दोघांत होतो. शाक्टरकडे अर्थ शरीराच्या उत्तेजनेचा लावायचा असतो, लाझारसकडे प्रसंगाचा.

रोजच्या आयुष्यात याचा काही उपयोग आहे का?

कुठे हात घालायचा ते कळतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधल्या प्रयोगांत, भाषणाआधी स्वतःला 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आलाय' म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. धडधड तशीच, नाव बदललं. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेनं बघणं आणि भावना चेहऱ्यावर येऊ न देणं यांत जेम्स ग्रॉस यांनी फरक दाखवला: चेहरा दाबला तरी आतली उत्तेजना शमत नाही, उलट वाढू शकते. 'मी रागावलोय' असं शब्दांत मांडल्यावर अमिग्डालाची हालचाल कमी होते, असंही २००७ च्या एका अभ्यासात दिसलं. अर्थात तीव्र नैराश्य किंवा वारंवार येणारे घबराटीचे झटके असतील तर ही काही घरगुती दुरुस्तीची कामं नव्हेत. तिथे तज्ज्ञच हवा.

प्राण्यांना भावना असतात का?

या प्रश्नावर माणसं सगळ्यात जास्त दुभंगतात. लडू म्हणतात, उंदराच्या मेंदूत जीव वाचवण्याची यंत्रणा आहे हे दाखवता येतं; त्याला 'भीती वाटते' हे दाखवता येत नाही, म्हणून तो शब्द जपून वापरा. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांना हा संकोच पटत नसे. सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर सात भावनिक यंत्रणा सारख्या आहेत, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांतली एक चक्क खेळण्याची. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना गुदगुल्या केल्यावर ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवत. हा आवाज माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेरचा, यंत्रावरच पकडावा लागतो. पँकसेप त्याला हसणं म्हणत. बरेच सहकारी नकारार्थी मान हलवत. हात थांबला की ते उंदीर त्या हाताच्या मागे मागे धावत, पुन्हा गुदगुल्या करून घ्यायला.